मशीन मंद आहे

आयुधपूजा उद्यावर आली तरी कुठलं मशीन पुजायचं, हे आमचं ठरेना. गदगच्या बाजारात आमचं लग्नपत्रिकांचं दुकान. शेजारपाजारच्या दुकानांत दृष्ट काढून फोडायचे कोहळे येऊन पडले होते, झेंडूच्या माळा ओवून झाल्या होत्या, आणि आम्ही नवराबायको एका जुन्या कॉम्प्युटरवरून हमरीतुमरीवर आलो होतो. ज्याची पूजा, त्याच्यावर वर्षभर काम, हा आमच्याकडचा रिवाज. म्हणून आजच्या आज निकाल लागायला हवा होता.

आमच्या यजमानांचं, विरूपाक्षप्पांचं, म्हणणं सरळ होतं. पत्रिका वेळेत निघत नाहीत, गिऱ्हाईक दुसरीकडे जातं, तू स्वतःच रोज मशीन मंद झालं म्हणून कुरकुरतेस, मग नवं घेऊ. मी दुरुस्तीचाच हेका धरला. खरं कारण त्यांना सांगण्यासारखं नव्हतं. नवं मशीन आलं की त्याच्यासमोर सून बसणार. सहना शिकलेली, हाताची चपळ. ती खुर्ची माझी होती. लग्न होऊन आले तेव्हापासून गावातल्या निम्म्या नवरानवरींची नावं मीच टाइप केली. तिथून उठले की मग मला कोण विचारतंय?

शेवटी दुरुस्तीवाल्या दस्तगीरला बोलावलं. तो डबा उघडेपर्यंत माझा पाय एका जागी ठरेना. उगाच दारात जाऊन यायची, फडकं उचलून परत ठेवायची. त्यानं आतला पंखा बाहेर काढला आणि हसायलाच लागला.

"अक्का, ह्याला रोज धूप कोण दाखवतं?"

मीच. रोज सकाळी आधी देवाला, मग गल्ल्याला, मग मशीनला, मागच्या जाळीतून धूर चांगला आत जाईस्तोवर. वर विभूतीचे पट्टे. आत सगळी काजळी आणि राख चिकटून बसली होती. भक्ती करून जीव घेतलास की त्याचा, असं यजमान म्हणाले. मला मात्र आनंदच झाला. दोष धुपाचा, तर नवं कशाला हवं?

दस्तगीरनं सगळं साफ केलं, आतली डिस्क बदलली आणि बटण दाबलं. पडदा झटक्यात उजळला. मी तोऱ्यात खुर्चीत बसले आणि एक मजकूर समोर घेऊन टाइप करू लागले.

अक्षर दाबताक्षणी उमटत होतं. बोटंच अडत होती. नजर कागदावरून परत येऊन अक्षर शोधीपर्यंत पडद्यावरची उभी रेघ लुकलुकत माझी वाट बघत होती. इतके दिवस मला वाटायचं, मीच तिची वाट बघतेय. सहना खुर्चीमागं उभी होती. ही आता बोलणार, याचीच मला भीती.

"काय, पळतंय का आता?" यजमानांनी गल्ल्यावरून विचारलं.

मी मजकुराचा कागद उगाच सरळ करू लागले.

"नाही मामंजी," सहना म्हणाली. "मशीन अजून मंदच आहे."

दस्तगीर काही बोलू बघत होता, तेवढ्यात तिनं त्याच्या हातात चहाचा कप दिला.

मी वळून पाहिलं. ती माझ्याकडे बघतच नव्हती. मला तिचा राग आला, आणि रडूही आलं. मी खुर्चीवरून उठले.

"आणा नवं," मी म्हणाले. "उद्या पूजा हिच्या हातानं होऊ दे."