बाकाला साक्षीदार हवा

नियमाबाहेरचं काही दिसलं की निवृत्त हेडक्लार्कांचा हात अर्जाच्या कागदाकडे जायचा. आणि इथे तर त्यांची सख्खी बायकोच नियमाबाहेर गेली होती! ती, शेजारची शिवणकामवाली आणि गल्लीतला सुतार, अशा तिघांनी मिळून एका जुन्या दाराचं बाक केलं आणि दवाखान्यासमोरच्या बसथांब्यावर नेऊन ठेवलं. बायकोचे गुडघे कामातून गेलेले, बस काही लवकर येत नाही, उभं राहून जीव मेटाकुटीला यायचा. बाक लोकांना इतकं आवडलं की पुढच्या दोन थांब्यांवरच्या मंडळींनीही सुताराच्या दारात जुनी दारं आणून टाकली.

"परवानगी काढलीत का?" हेडक्लार्कांनी विचारलं.

"बसायला कसली आलीये परवानगी?" बायको म्हणाली.

यांना चैन पडेना. मागाहून का होईना, परवानगी असावी म्हणून यांनी नगरपालिकेतल्या आपल्या जुन्या कचेरीत तीन प्रतींत अर्ज ठोकला. तोवर कचेरीला त्या बाकाचा पत्ताही नव्हता. आठ दिवसांत बाक उचलण्याचा हुकूम आला. बायकोने अबोला धरला. शिवणकामवालीने त्यांची पँट एकच पाय शिवून परत पाठवली. हेडक्लार्कांना मनापासून वाईट वाटलं.

ठरल्या दिवशी सकाळी कचेरीतले साहेब ट्रक घेऊन हजर झाले.

"साक्षीदार कुठाय?" हेडक्लार्क आडवे आले. "जप्तीच्या कागदावर तटस्थ माणसाची सही लागते. इथलाच रहिवासी, पण जप्त होणारी वस्तू कधी न वापरलेला, म्हणजे या बाकावर कधी न बसलेला. बत्तीस वर्षं हा नियम मीच लोकांना ऐकवलाय."

साहेबांनी कागद चाळले. नियम होता. मग ते एकेकाला विचारत सुटले. नर्स बसली होती, पेशंट बसले होते, पेपरवाला तर दुपारची डुलकी तिथेच काढायचा. साहेब घामाघूम होऊन परत आले आणि त्यांची नजर हेडक्लार्कांवर पडली.

"आजोबा, तुम्ही बसलाय का हो कधी?"

विनापरवाना बाक म्हणून त्यांनी त्याला साधा हातही लावला नव्हता. अख्ख्या गल्लीत तटस्थ असा हा एकच महाभाग, आणि खोटं बोलणं तर जन्मात जमलेलं नाही. बाकावरून बायको एकटक बघत होती.

ते तरातरा पुढे झाले आणि बदकन बसले.

"हो," ते म्हणाले, "बसलोय."

बायकोने सरकून त्यांना नीट जागा करून दिली.