फायबरच्या होडीला तेल

कमळाने मांडवीच्या जेटीवर पाऊल ठेवलं आणि काय झालंय ते आधी नाकाला कळलं. मोरी माशाचं तेल! तिच्या पर्यटकांच्या होडीत सासरे, भागोजी, मांडी घालून बसले होते आणि काठाच्या पांढऱ्या व्हिनाइलच्या, टेकायच्या गादीपट्टीला चिंधीने तेल चोपडत होते. तान्ह्या नातीला चोपडावं तसं.

चार वाजता माणसं यायची होती. आता दीड.

"बघ गो, कशी चकाकतेय! तू नुसती फडकं फिरवतेस. होडीला तेल लागतं."

लाकडाच्या होडीला लागतं. ती दोन वर्षांपूर्वी विकली, ही फायबरची आली, तेव्हापासून म्हातारा किनाऱ्यावर फिरकला नव्हता. "त्या टबात माझं काय काम?" म्हणायचा आणि ओटीवर रस्त्याकडे पाठ करून बसायचा. आज आपणहून आला होता. एक वाक्य वाकडं गेलं की ती पाठ पुन्हा रस्त्याकडे.

तिने पट्टीवर बोट टेकवलं. चिकटलं.

"मामंजी, मागचं बाक बघितलंत?"

"तडकलेलं? उन्हाने ना?"

"उन्हाने असं मी तुमच्या लेकाला सांगितलं. खरं तर थिनरने पुसलं होतं मी. डाग गेला, मागोमाग बाकही गेलं."

भागोजी खदखदून हसले. "थिनर? अगो, सालटं काढलंस त्याचं!"

"काढलंच. या व्हिनाइलला थिनर चालत नाही, तसं तेलही नाही. लाकूड तेल पितं, हे पीत नाही. वर राहतं, धूळ धरतं. माणसं टेकली की कपड्यांना मोरीचा वास."

हसू थांबलं. "म्हणजे मी नासवलं."

"बाक मी, पट्टी तुम्ही. पट्टीचं तेल निघेल. बादली धरा."

गोड्या पाण्यात भांड्यांच्या साबणाचे चार थेंब, मऊ फडकं, शिवणीसाठी जुना टूथब्रश. तेल सहज सोडेना. दोनदा धुतलं, मग नुसत्या पाण्याने, मग कोरड्या फडक्याने. तीन वाजून गेले. कमळाने उन्हापासून जपणाऱ्या औषधाची बाटली उघडली.

"थांब." भागोजींनी पट्टीवर पालथा हात ठेवला. जन्मभर लाकूड सुकलं की नाही ते या हाताने ओळखलेलं. "सुकली नाही. शिवणीत पाणी आहे."

"दिसत तर नाही."

त्यांनी शिवण अंगठ्याने दाबली. दोन थेंब बाहेर आले. कमळाने बाटलीला झाकण लावलं आणि पुन्हा कोरडं फडकं उचललं.

वीस मिनिटांनी भागोजींनीच बाटली मागितली. हुंगली. "वासच नाही! माशांना कळायचं कसं आपण आलो?"

"माशांना नाही न्यायचं, माणसांना न्यायचंय. पातळ लावा."

पातळ लावलं. चारला मंडळी चढली, तेव्हा भागोजी उतरले नाहीत. होडीच्या पुढच्या टोकाला, नाळेशी, सगळ्यांकडे तोंड करून बसले.

"ओ पाव्हणे, पट्टीवर बूट नको," ते म्हणाले. "आत्ताच केलीय आम्ही."