दुसरा लोटा

खुशालराव नळाखाली डोकं धरून बसले होते, आणि नळ बंद होता.

"पाणी लई थंड आहे," ते म्हणाले.

लेकीने, पौर्णिमेने, नळ सोडला तसे ते दचकून उठले आणि ओल्या डोक्याने अंगणात फेऱ्या मारू लागले.

महाशिवरात्रीचा उपवास, रिकामं पोट आणि समोरच्या देवळातून आलेली भांगेची ठंडाई. विहीणबाईंनी, शकुनबाईंनी, पेला पुढे केला तेव्हा यांनी लोटा मागितला होता. आपल्या अकोटच्या बैलाने एकदा घागरभर भांग प्यायली, स्वतःचं वावर नांगरलं, मग शेजाऱ्याचंही नांगरून दिलं; शेजारी अजून त्या बैलाला रामराम घालतो. हे सांगता सांगता दुसरा लोटाही गेला. शकुनबाई पोट धरून हसल्या. जावई गजेंद्रही हसला. या घरात पाहुण्यांशी सगळे गोड बोलत.

खरं तर ते हसवायला नव्हे, लेकीची खबर घ्यायला आले होते. दिवाळीपासून लेकीचा फोन 'बरी आहे' एवढ्यावर येऊन ठेपला होता. लहानपणी हीच पोर बापाच्या बैलाच्या गोष्टीला आपल्या उडत्या हेल्याची, रेड्याची, गोष्ट भिडवायची. आज बैलाची गोष्ट ऐकून तिने नुसते पेले उचलले होते.

"छातीत जिनिंगची मशीन सुरू झाली पोरी. बंद कर."

तिने लिंबाचं पाणी पाजलं. त्यांच्या तोंडात कापूस कोंबल्यासारखं झालं होतं, घोट खाली उतरेना. बसवलं की उठत, उठले की दारापर्यंत जाऊन परत येत. दारापासून खाटेपर्यंत यायला आपल्याला एक अख्खा पावसाळा लागला, असं त्यांनी शपथेवर सांगितलं. मग एकदम थांबून तिच्याकडे पाहिलं.

"तू इथं सुखात हायेस ना?"

"हो बाबा."

एक फेरी झाली. पुन्हा तेच डोळे, पुन्हा तोच प्रश्न, जणू आत्ताच अकोटहून उतरले असावेत. तिने पुन्हा हो म्हटलं. आणखी एक फेरी, आणखी एक हो. विचारलेलं त्यांच्याजवळ टिकतच नव्हतं. शकुनबाई देवळात गेल्या होत्या, गजेंद्र दुकानात. उन्हं भिंतीवर चढली, तरी बापाचे पाय थांबेनात.

"पोरी, तू सुखात हायेस ना?"

पौर्णिमेने पदराने त्यांचं डोकं पुसलं. पुसता पुसता, विहिरीत वाकून बोलावं तसं हळूच म्हणाली, "नाही बाबा. मले इथं कोणी मारत नाही. कोणी बोलतच नाही. चहा ठेवला तर जो तो कप उचलते अन् जाते. दोन वर्सं झाली. कधी कधी मोरीत नळ सोडून माह्याशीच बोलतो मी, आवाज आहे का गेला ते पाह्याले."

खुशालरावांनी फेरी घेतली नाही. खाटेवर बसले, भिंतीकडे तोंड करून आडवे झाले. तिने बराच वेळ वाट पाहिली. त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

सकाळी भांग उतरायला हवी होती. पण खुशालरावांनी चहा बशीऐवजी तळहातावर ओतला, चप्पल हातात घातली आणि जावयाला आदराने विचारलं, "भाऊ, हे कोनतं गाव होय?"

"अकोला," गजेंद्र म्हणाला.

"मंग माहा बैल कुठी बांधला तुमी?"

शकुनबाईंचा चेहरा उतरला. लोटा त्यांच्याच हातचा होता. वाटेत एसटीत काही झालं तर तोंड कुठे दाखवायचं? व्याह्यांना अकोटला एकटं धाडू नये, असं त्यांनी लेकाला बजावलं. मग कधी नव्हे ते सुनेकडे वळल्या.

"तू जाय संगं. बरं वाटेपर्यंत राह्य."

पौर्णिमेने खोलीत जाऊन लहान पिशवी काढली. दोन लुगडी भरली. खुशालराव भिंतीला धरत, झोकांड्या खात दारापर्यंत आले. मागे शकुनबाई होत्याच.

"हे कोनतं गाव होय व बाई?" त्यांनी मोठ्याने विचारलं.

शकुनबाई कपाळाला हात लावून पाणी आणायला वळल्या. खुशालरावांनी भिंत सोडली.

"लहान नको," ते हळूच म्हणाले. "मोठी पेटी घे."