फळ्यावरचा रस्ता

मी चकलांब्याजवळच्या एका शाळेतला फळा. खडू मला चालत नाही. मी विजेवर उजळतो, बोटाने चालतो. मला खोक्यातून काढलं तेव्हा पोरांनी आधी थर्माकोल वाटून घेतलं, मग माझ्याकडे पाहिलं.

सोमेश्वर सर मात्र हरखले होते. प्रशिक्षणात ते शिकून आले होते : मुलाला काय आवडतं ते विचारा, त्यातूनच शिकवा.

त्यांनी सहावीतल्या सायलीला विचारलं. ती म्हणाली, "आई-बा ऊस तोडाया जातेत, ते गाव ह्या फळ्यावर बघायचंय."

सरांनी माझ्यावर नकाशा उघडला. कर्नाटकातला कारखाना, शेजारी तोडकऱ्यांच्या कोप्यांचे, पाचटाच्या झोपड्यांचे ठिपके. सायलीने एका ठिपक्यावर बोट ठेवलं आणि बराच वेळ उचललंच नाही. पुढे त्याच नकाशावर ती दिशा, अंतर, दशांश शिकली. गणिताला रडणारी पोर मधल्या सुटीतही माझ्यासमोरून हलेना. एरवी दिवाळीनंतर आई-वडिलांबरोबर जावं लागून तिची शाळा सुटायची. यंदा आई-वडिलांनी तिला भिवराबाईजवळ, आजीजवळ ठेवायचं कबूल केलं होतं.

ऊसतोडीच्या टोळ्या निघण्याआधी सरांनी पालकसभा घेतली. "शिक्षण जगण्यात उपयोगी पडलं पाहिजे," असं म्हणून त्यांनी सायलीला पुढे बोलावलं. ती गावापासून कारखान्यापर्यंतचा रस्ता दाखवू लागली आणि मध्येच नेट गेलं. मी पांढरा पडलो. तिने उरलेला रस्ता माझ्या कोऱ्या अंगावर बोटाने, आठवणीतून काढला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. टोळी नेणाऱ्या मुकादम गहिनीनाथने सगळ्यांत जोरात.

"लई कामाची पोरगी हाय! नेट गेलं की फोनमधली रस्ता सांगणारी बाई गप बसती. गेल्या साली डायवर दिवसभर भलतीकडंच हिंडत बसला. हनुमान, हिला ट्रॅक्टरवर फुडं बशीव."

सायलीचा बाप हनुमान याने मुकादमाकडून आगाऊ उचल घेतलेली होती; त्याने मान डोलावली.

"तिची शाळा हाय!" भिवराबाई ओरडली.

"आवो आज्जी, शाळंचाच तर उपेग चाललाय. सर, तुमीच म्हणलात न्हवं?"

लोक हसले. सरही हसले, हसू आवरेपर्यंत बोलायची वेळ निघून गेली.

रस्ता एकदाच दाखवायचा होता. त्यानंतर सायली तिथंच उसाच्या मोळ्या बांधते. हे भिवराबाईने शाळेच्या दारात उभं राहून सरांना ऐकवलं, आत मात्र आली नाही.

तुम्ही कधी आमचा वर्ग बघायला आलात, तर मला लावा, माझा उजेड बघा. पोरांना मात्र काही विचारू नका.

परवा सरांनी विचारलं. वर्गातला सटवा खिडकीतून शेळीचं करडू बघून एकटाच हसत होता.

"सटवा, तुला काय आवडतं रे?"

त्याने लगेच खिडकीकडे पाठ केली.

"काईच न्हाई, सर."

मग कुणी न विचारताच मागच्या बाकावरून आवाज आला, "मलाबी न्हाई."