ओलेत्याच्या फेऱ्या

डॉक्टरांनी कनकाला सांगितलं होतं, दमा आहे म्हणून बसून राहू नका. रोज सकाळी सावकाश चाला, धाप लागली की थांबा, मग पुन्हा चाला. ते तिला पटलं होतं. पण मद्रासच्या मैलापुरातल्या घरची सून, हातात पिशवी नाही की कळशी नाही, नुसतीच रस्त्याने चालत कुठे जाणार?

गल्लीच्या टोकाला पिंपळाचा पार होता. तिथे फेऱ्या घालणाऱ्या बाईला कोणी काही विचारत नाही. कनका तिथे जाऊ लागली. हळूहळू छाती मोकळी झाली. लेकीने, चंद्रिकेने, हात पसरले की पूर्वी कनका धाप लागून भिंत धरून उभी राहायची. आता पोरीला कडेवर घेऊन जिना चढायची.

सासूबाईंनी, राजसबाईंनी, विचारलंच नाही. सून पिंपळाला फेऱ्या घालते म्हणजे तिला मुलगा हवा, हे त्यांनी आपलं समजून घेतलं, शेजारच्या अलमेलू मामींना सांगितलं, आणि वर रीतही दाखवली: कोरड्या पातळाने फळ नाही, ओलेत्याने घालायच्या. ऐन मार्गळी महिन्याच्या थंडीत पहाटे त्या स्वतः सुनेच्या डोक्यावर विहिरीचं पाणी ओतू लागल्या. कनका मान पुढे करायची. नाही म्हटलं तर चालणंच जाईल.

छाती पुन्हा वाजू लागली. एका सकाळी ती पारावरच बसली ती उठेना. अलमेलू मामींनी हाताला धरून घरी आणलं. नवऱ्याने, मानाजीने, मायेनेच सांगितलं, आता कुठे जायचं नाही, पडून राहा. ती पडून राहिली. चंद्रिका उशाशी येऊन हात पसरायची, थकून तिथेच झोपायची.

राजसबाई तिच्या पाठीला कापराचं तेल चोळत होत्या, तेव्हा ती म्हणाली, "आत्याबाई, मी मुलासाठी जात नव्हते."

हात थांबला. "मग कायाला?"

"चालायला. दम्यावर चालणं हवं, म्हणाले डॉक्टर. नुसती चालायला जाते म्हटलं असतं, तर सोडलं असतं तुम्ही?"

त्या पुन्हा तेल चोळू लागल्या.

"नसतं सोडलं," राजसबाई म्हणाल्या. "आणि मी अस्क्या गल्लीला, घरोघर, सांगून बसले."

छाती वाजायची थांबली तशी एके दिवशी, चांगलं ऊन वर आल्यावर, त्या चपला घालून दारात उभ्या राहिल्या. अंगावर घे काहीतरी, म्हणाल्या, आणि चल. मानाजी काही बोलणार होता. त्यांनी त्याच्याकडे पाहिलंच नाही, चंद्रिकेला तेवढं त्याच्या मांडीवर ठेवलं.

अलमेलू मामींनी ओसरीवरून विचारलं, दोघी कुठे निघालात?

"माझे गुडघे धरलेत," राजसबाई म्हणाल्या. "चालले नाही तर जागचे हलायचे नाहीत. सुनेला सोबतीला घेतलंय."

त्यांचे गुडघे चांगले धडधाकट होते. कनकाला हसू आलं, पण हसायला श्वास लागतो. तो तिने राखून ठेवला आणि सासूबाईंच्या मागोमाग चालू लागली.