खंडेनवमी आणि नवं कुलूप

शरदचंद्र सरांच्या क्लासची इमारत भूकंपानंतर बांधलेली. तिचे खांब इतके जाड होते की लातूरभर लावलेल्या फलकांवर सरांच्या फोटोशेजारी खांबांचाही फोटो असे. प्रिंटरच्या खोलीला तर लोखंडी दार. क्लासच्या रविवारच्या शिष्यवृत्ती परीक्षेचा पेपर त्याच खोलीतल्या कॉम्प्युटरवर होता.

"सर, छपाईच्या सॉफ्टवेअरमध्ये त्रुटी सापडलीय," क्लासचे कॉम्प्युटर सांभाळणारी लुबना म्हणाली. "आपल्या वायफायवरून कुणीही आत शिरून पेपर नेऊ शकतं. दुरुस्तीचं अपडेट आलंय. आजच टाकते."

"आज खंडेनवमी हाय, मॅडम. पूजा झालेल्या मशीनला हात लावत नसतात." सरांनी खिशातली किल्ली काढून दाखवली. "अन् शिरणार कुठून? दाराशी बसलिंगप्पा बसलाय. तरी पेपर फुटला, तर तुमची नोकरी गेली म्हणून समजा."

लुबना पालकांच्या बाकावर जाऊन बसली. समोरच्या भिंतीवर वायफायचा पासवर्ड चिकटवलेला होता, पालकांच्या सोयीसाठी. तिने मोबाइल काढला.

थोड्या वेळाने बंद खोलीत घरघर सुरू झाली. लोखंडी दार थरथरलं.

"भूकंप!" सर ओरडले आणि भूकंपरोधक इमारतीतून सगळ्यांच्या आधी रस्त्यावर पोचले.

बसलिंगप्पा स्टुलावरून हलला नाही. तो किल्लारीचा. "या सर, आत या. भूकंप असा नसतो. मशीन छापायलंय."

सरांनी कुलूप उघडलं. झेंडूच्या हाराखालून रविवारच्या पेपरचं पहिलं पान बाहेर आलं होतं.

"आत कोण गेलतं?"

"कुणी न्हाई."

"मी छापलं, सर," लुबना म्हणाली. "बाकावर बसून. मशीनला हात न लावता."

सरांनी कुलूप उलटसुलट करून पाहिलं. मग म्हणाले, "बसलिंगप्पा, बाजारात जा. आणखी एक कुलूप आण. लई मोठं बघ."

बसलिंगप्पा गेला आणि सर स्वतः पहाऱ्याला बसले. लुबनाने आपल्या टेबलावरूनच अपडेट टाकलं. खंडेनवमीही मोडली नाही. मग पुन्हा मोबाइलवरून आत शिरू पाहिलं. या वेळी प्रिंटर गप्प राहिला.

रविवारी पेपर फुटला नाही. सोमवारी सरांनी सगळ्या स्टाफसमोर नव्या कुलपाला हार घातला, आणि त्याची दुसरी किल्ली मोठ्या विश्वासाने लुबनाच्या हातात ठेवली.