ओठ चाटणारा उंदीर

आई गेल्यापासून बाबा धड जेवत नव्हते. मी ताट टेबलावर झाकून प्रयोगशाळेत जायची आणि संध्याकाळी तसंच उचलायची. माझ्या हातची चव आवडत नसेल म्हणून रोज काहीतरी नवीन करून बघितलं. शेवटी वैतागून म्हटलं, "बाबा, नखरे पुरे झाले."

प्रयोगशाळेत माझ्या वाट्याला एक उंदीर होता. खाण्याकडे ओढून नेणारी त्याच्या मेंदूतली यंत्रणा आम्ही औषधाने मंदावली होती. त्याला सगळे महाराज म्हणायचे, कारण वाटी समोरच्या कोपऱ्यात असली तरी स्वारी जागची हलायची नाही. तोंडात गोड थेंब सोडला, की मात्र मिटक्या मारत ओठ चाटायची.

"आवड शाबूत आहे, उठून जायची ओढ तेवढी गेलीय," असं मी त्या दिवशी नव्या विद्यार्थ्यांपुढे ज्ञान पाजळत होते, आणि बोलता बोलता मला बाबांचं झाकलेलं ताट आठवलं.

घरी आल्यावर ताट गरम केलं, बाबांच्या खुर्चीपाशी बसले आणि घास त्यांच्या तोंडाशी नेला.

"मी काय कुक्कुलं बाळ आहे?" असं म्हणत त्यांनी तो घेतला.

"उंदरालाही असंच भरवते."

"मग तो काय म्हणतो?"

"म्हणतोय कसला. ओठ चाटतो."

बाबा बराच वेळ सावकाश चावत राहिले. मग माझ्याकडे बघत, मला नीट दिसेल अशा बेताने, त्यांनी ओठ चाटले.